दुपारीच उघडणारा टप

करावे गावात नामा तांडेलाचं घर कुठलं म्हणून विचारलं की लोक आधी हसायचे आणि मग हात करून दाखवायचे. हसायचं कारण एवढंच की नामाने आयुष्यात जे जे हाती घेतलं ते आधी उघडून पाहिलं होतं. सासऱ्याने लग्नात भिंतीवरचं घड्याळ दिलं, ते अंगावरची हळद उतरायच्या आत त्याने ओट्यावर सुटं करून मांडलं. ते पुन्हा जोडलं आणि चाललंही, हे त्याची बायको गोजरा प्रामाणिकपणे कबूल करायची. फक्त ठोके ते आपल्या मर्जीने देई.

"बिघडलेलं उघडनारी मानसं असतात," गोजरा म्हणायची. "आमचे हे चाललेलं उघडतात. कशापायी चालतंय ते बघायला."

नामाला हा नाद मिठागरात लागला. बाप मिठागरावर राबायचा आणि पोराला उघाडीवर बसवायचा. उघाडी म्हणजे बांधातलं लाकडी दार. भरतीचं पाणी आलं की दार आपसूक मिटायचं, ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या रेट्याने उघडायचं. चार माणसांना न हलणारं दार पाणी बोटभर जागेतून येऊन कसं ढकलतं, हे पोरगं तासन्‌तास बघत बसे. दसऱ्याला त्याची आई रखमा घरातली खोबरेलाची बाटली घेऊन बांधावर यायची आणि उघाडीच्या बिजागऱ्यांना तेल घालायची. वर्षभर राबतो त्याला एक दिवस जेवायला घालायचं, अशी तांडेलांच्या घरची रीत. होडीला, जात्याला, पुढे शिवणयंत्राला, सगळ्यांना दसऱ्याचं तेल ठरलेलं.

मग शहर आलं. शेत गेलं, मिठागर गेलं, नामा कारखान्यांच्या पट्ट्यातल्या एका कंपनीत पंपहाऊसवर लागला. तिथे तो सुखी होता, कारण पंप रोज काही ना काही कारणाने उघडावे लागत. कंपनी बंद पडली तेव्हा त्याचे केस पांढरे झाले होते. मुलगा हरेश रेती, खडी, सिमेंट पुरवायचा धंदा करत होता. गेलेल्या शेताच्या बदल्यात मिळालेल्या साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवर घर उठलं होतं, वरच्या मजल्यावर भाडेकरू होते. नामाला कुणी काही करायला सांगत नव्हतं, आणि त्याच्यासारख्या माणसाला याहून मोठी शिक्षा नाही.

अशा वेळी त्याने गाडी आणली. अमेरिकन, होडीएवढी लांब, फिक्या निळ्या रंगाची, कॅनव्हासचा टप असलेली. गिरगावातला एक बँडवाला ती वरातीला वापरायचा. बटण दाबलं की टप आपोआप मागे दुमडून बसायचा आणि नवरदेव उघड्यावर यायचा. एका वरातीत टप अडला तो अडलाच, आणि गाडी गोदामात जाऊन पडली. नामाने ती हरेशच्या टेम्पोला दोरखंडाने बांधून करावेत आणली. शहरासाठी शेत घेताना त्याला कुणी विचारलं नव्हतं, मिठागर घेताना नाही, कंपनीला टाळं लावताना तर नाहीच. ही गाडी मात्र त्याने स्वतः पाहून, स्वतः ठरवून घेतली होती.

म्हातारी रखमा काठी टेकत अंगणात आली. तिचे गुडघे गेले होते, बाकी सगळं शाबूत होतं. पंचक्रोशीतल्या लग्नांत धवले गाणारी ती शेवटच्या काही जणींतली एक. भटजीने मंत्र म्हटले तरी धवलारीण गायल्याशिवाय लग्न लागल्यासारखं कुणाला वाटत नसे.

"फाटक्या छपराची गारी आनलीस?" ती म्हणाली.

"फाटकं नाय गो आये. मिटनारं हाय."

"मग मिटव."

"मिटत नाय म्हनून तर आनली."

रखमाने सुनेकडे पाहिलं, गोजराने आभाळाकडे. विषय तिथेच संपला.

पावसाळाभर नामा जुन्या गोठ्यात होता. गोठ्यात आता गुरं नव्हती, गाडी होती. मागची सीट काढल्यावर तिच्या पाठीमागे, तळाशी, त्याला तो पंप सापडला आणि नामाला जुना दोस्त भेटल्यासारखं झालं. एक विजेची मोटर, तिला चिकटलेला पंप, पंपाच्या पोटात तेल. तिथून नळ्या निघून सीटच्या दोन्ही अंगांना उभ्या असलेल्या दोन सिलिंडरांत जात. पंपाने तेल रेटलं की सिलिंडरांतले दांडे सरकायचे आणि एवढा मोठा टप उचलला जायचा.

"उघाडी हाय ही," तो वरच्या मजल्यावरच्या विलासरावांना म्हणाला. "पान्याच्या जागी तेल, येवढंच. तेल दबत नाय. एकीकडनं रेटलं की दुसरीकडनं ढकलनार."

विलासराव साताऱ्याकडचे, बेलापुरात बँकेत नोकरीला. भाडं द्यायला म्हणून खाली आले की तास तास गोठ्यात थांबायचे. हात काळे करायची त्यांची तयारी नव्हती, पण प्रश्न विचारायची हौस दांडगी होती, आणि नामाला असाच माणूस हवा होता.

नळ्या तडकल्या होत्या, त्या नामाने तुर्भ्याच्या क्रेनवाल्याकडून करून आणल्या. सिलिंडरांची रबरी सीलं पिचली होती, ती कंपनीतल्या जुन्या ओळखीने बनवून घेतली. पंप उघडून, धुऊन, पुन्हा जोडून त्याने दसऱ्याच्या सकाळी पडवीत पाटावर ठेवला आणि त्यात लाल तेल ओतायला घेतलं. परदेशी गाड्यांच्या स्टिअरिंगला घालतात ते तेल. अर्धं ओतून झालं तोच गोजराने हाक मारली, आपट्याची पानं अजून आली नव्हती. झाकणाचा बोल्ट तसाच बाजूला ठेवून नामा गेला.

परत आला तेव्हा पंपाला कुंकू लागलं होतं, वर झेंडूचं फूल होतं. आत तेल काठोकाठ होतं. एवढं भरलं होतं का आपण, असं त्याला वाटलं. रंगही फिका, सोलकढीसारखा. पण तेवढ्यात पोरं सोनं द्यायला आली, आणि नामाने बोल्ट आवळून टाकला. उघडायची एवढी हौस असलेला माणूस त्या दिवशी नेमकं बघायचं सोडून झाकण लावून मोकळा झाला.

दिवाळीत सगळं गाव अंगणात जमलं. नामाने काचेवरच्या दोन कड्या सोडल्या, बटण दाबलं. मोटर घुमली, टप काचेच्या कपाळापासून सुटला, वर चढला, घडी घालत मागे गेला आणि सीटमागच्या खळग्यात अलगद बसला. मग एक म्हातारा म्हणाला, "परत कर." नामाने बंद केला. "परत उघड." दुपार अशीच गेली.

मुलगी नमिता त्या दिवशी उघड्या गाडीत मागे जाऊन बसली ती उतरेना. तिचं लग्न उलव्याच्या घरी ठरलं होतं, तारीख माघातली.

"बाबा, मी गावदेवीला हिच्यातनंच जाणार."

"हिच्यातनंच जाशील."

"टप उघडून."

"मग काय बंद करून?" नामा म्हणाला.

करावेत रीत अशी की लग्नाच्या दिवशी उन्हं वर यायच्या आत नवरीने गावदेवीची ओटी भरायची. वाटेवरच्या प्रत्येक दारातून बाया तिला बघायला उभ्या राहतात, धवलारीण सोबत गात असते. चालत गेली तर रखमाचे गुडघे तिथवर पोचणार नाहीत, हेही नामाच्या मनात होतं. म्हातारीला नातीशेजारी बसवून न्यायचं, उघड्यावर, गावाला दिसेल असं.

मार्गशीर्षात चुलतभाऊ गोटीरामाच्या मुलाचं लग्न निघालं आणि त्याने गाडी मागितली. सकाळी वरात निघायची होती. नवरदेव मुंडावळ्या बांधून मागे बसला, नामाने बटण दाबलं. मोटर कण्हली. टप कपाळापासून सुटला, हातभर उचलला गेला आणि तिथेच थांबला. पुढे नाही, मागे नाही, वाऱ्याने अर्धी उलटलेली छत्री जशी. तशा टपाने गाडी हाकता येत नाही, समोरचं दिसतच नाही. ताशेवाले वाजवून वाजवून थकले. शेवटी नवरदेव वाकून बाहेर आला आणि कुणाच्या तरी स्कूटरवर बसून गेला.

दुपारी वऱ्हाड जेवत असताना नामाने एकट्याने जाऊन बटण दाबलं. टप लोण्यासारखा मागे गेला.

त्याला राग आला नाही. आला असता तर बरं झालं असतं, असं गोजराचं मत. त्याच्या डोळ्यांत भिंतीवरच्या घड्याळाच्या वेळची ती जुनी चमक आली होती.

हरेशला मात्र लाज वाटली होती. मुलगा वाईट नव्हता. धंदा करणारा माणूस, चार लोकांत नाव राखून होता. संध्याकाळी तो गोठ्याच्या दारात उभा राहिला.

"बाबा, गावभर हसतायत. त्या गंगारामला दाखवली मी गाडी. तुर्भ्याचा भंगारवाला. न्यायला तयार आहे."

"गाडी माजी हाय."

"तुमचीच आहे. पण नमीच्या लग्नात उलव्याची मानसं असतील, टेन्शन मला येतं. तिथं हे असं झालं तर?"

नामाने हातातली नळी खाली ठेवली. "लग्नाच्या सकाळी टप उघडला नाय, तर गंगारामला सांग घेऊन जा म्हनून. मी आडवा येनार नाय."

"शब्द?"

"शब्द."

झालं. आता पौष महिना होता, लग्नं नव्हती, आणि नामाकडे एक कोडं होतं: रोज दुपारी उघडणारा टप सकाळी का अडतो.

आधी त्याने बॅटरीवर संशय घेतला. सकाळी बॅटरी मरगळते हे कुणीही सांगेल. त्याने हरेशच्या टेम्पोची बॅटरी काढून गाडीला लावली. टप अडलाच, आणि बॅटरी परत लावायचं तो विसरला. हरेशची खडी त्या दिवशी नेरूळला पोचली नाही. घरात जे बोलणं झालं ते इथे सांगण्यात अर्थ नाही.

मग दव. कॅनव्हास दवाने भिजून जड होत असेल. त्याने संध्याकाळपासून गाडीवर ताडपत्री टाकून ठेवली. सकाळी टप कोरडा ठणठणीत, आणि अडलेला.

तिसरी कल्पना मात्र नामाच्याच डोक्यात येऊ शकत होती. पौर्णिमेच्या सुमाराला तो पाण्याच्या टाकीपाशी विलासरावांना गाठून म्हणाला, "भरतीचं हाय हे."

"कशाचं?"

"भरती-ओहोटीचं. पुनवेला भरती दुपारची असते. टप दुपारी उघडतो. सकाळी ओहोटी असते. टप अडतो. मी चार दिस बघतोय."

विलासरावांनी बादली खाली ठेवली. "नामाशेठ, गाडी गोठ्यात आहे. खाडीत नाही."

"चंद्र पान्याला ओढतो ना?"

"ओढतो."

"मग तेलाला ओढत नाय हे कोनी सांगितलं? ते पन पातळच."

विलासराव पदवीधर होते. त्यांना उत्तर ठाऊक असायला हवं होतं, आणि ते ठाऊक नाही हे त्यांना बादली घेऊन जिना चढताना कळलं. दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, "अष्टमीपर्यंत थांबा. तेव्हा भरती सकाळची असते ना? बघू."

नामा थांबला. अष्टमीला तो उजाडताच बांधावर जाऊन आला. भरती आली होती, तिवरांची मुळं पाण्याखाली गेली होती. तसाच ओल्या पायांनी तो गोठ्यात शिरला आणि त्याने बटण दाबलं. मोटर कण्हली. टप हातभर उचलला आणि थांबला.

नामा बंपरवर बसून हसायला लागला. आपला तर्क बुडाला याचं हसू होतं ते. पण हसता हसता त्याला कळत होतं की माघ जवळ आला आहे. अंगणात मांडवाचे बांबू येऊन पडले होते आणि नमिता येता-जाता गाडीवरून हात फिरवत होती, विचारत मात्र काही नव्हती. तिने विचारलं असतं तर बरं झालं असतं.

त्याने पंप तीनदा काढला, तीनदा उघडला. आत काही दोष नव्हता. तेल पातळ, वाहतं, स्वच्छ. थोडं फिकं, पण तेल जुनं झालं की रंग उतरतो असं त्याने स्वतःला समजावलं.

हळदीच्या आदल्या संध्याकाळी विलासराव उंबऱ्यावर बसून त्याचं बघत होते. एकदम म्हणाले, "तुम्ही पंप उघडता केव्हा?"

"दुपारी. सकाळी या गोठ्यात काय दिसतं? ऊन येतं तेच दुपारी."

"म्हणजे गाडी आजारी असते सकाळी आणि तुम्ही नाडी बघता दुपारी. ताप उतरल्यावर."

नामाने हातातला पाना खाली ठेवला. मग उचलला. मग पुन्हा ठेवला. "मी गाढव हाय," तो म्हणाला.

"दोघंही," विलासराव म्हणाले. "मीसुद्धा दोन महिने बघतोय."

हळदीच्या दिवशी सकाळी, उजाडता उजाडता, दोघं गोठ्यात उभे होते. नामा माकडटोपी घालून, शाल पांघरून. विलासराव नुसत्या बनियनवर, कारण साताऱ्याच्या माणसाला खाडीकाठची ही थंडी थंडीच वाटत नव्हती. त्यांनी टॉर्चचा उजेड धरला. नामाने पंपाजवळच्या नळीचा सांधा सोडला आणि खाली वाटी धरली.

वाटीत काही पडलं नाही.

त्याने नळी हलवली. पिळली. शेवटी गोजराच्या विणायच्या सुईने आत टोचलं. नळीच्या तोंडातून गुलाबी, मऊ, गोळा झालेलं काहीतरी बाहेर आलं, बाटलीतून घट्ट लोणी यावं तसं. नामाने ते बोटावर घेतलं. चोळलं. चोळता चोळता ते वितळलं आणि त्याचं तेल झालं.

"हे काय आहे?" विलासरावांनी विचारलं.

नामाने बोट नाकाशी नेलं. तो वास त्याला लहानपणापासून ठाऊक होता. आईच्या मांडीवर डोकं ठेवल्यावर येणारा वास.

तो गोठ्यातून बाहेर आला. अंगणाच्या भिंतीवर, जिथे पहिलं ऊन येतं तिथे, गोजराने नमिताच्या केसांसाठी खोबरेलाची बाटली ठेवली होती. थंडीत ती रोजच तिथे असायची. आतलं तेल पांढरं, थिजलेलं, फक्त उन्हाकडच्या बाजूने जरा सुटायला लागलेलं. दोन महिने नामा त्या बाटलीवरून ये-जा करत होता.

रखमा पडवीत पाय पसरून सुपात तांदूळ निवडत होती.

"आये," नामा समोर उकिडवा बसला. "दसऱ्याला पंपाची पूजा तू केलीस?"

"मग कोन करनार? तुजी बायको पोळ्यांत होती."

"तेल घातलंस?"

"घातलं."

"किती?"

"तोंड वासून बसलं होतं. भुकेलं दिसलं. होती ती बाटली घातली." रखमाने एक खडा वेचून बाजूला टाकला. "मिठागरावच्या दाराला घालायची तसं. का?"

दाराशी आलेला हरेश थबकला. विलासराव भिंतीकडे तोंड करून उभे राहिले, त्यांचे खांदे हलत होते. नामा आईकडे बघत राहिला. ऑक्टोबरच्या उकाड्यात ते तेल लाल तेलात मिसळून पाण्यासारखं वाहिलं होतं. थंडीच्या सकाळी थिजलं होतं. दुपारी गोठा तापला की पुन्हा सुटत होतं. बॅटरी नाही, दव नाही, चंद्रही नाही. कोडं सुटल्याचं सुख त्याच्या चेहऱ्यावर असं पसरलं की म्हातारीला वाटलं पोरगा तेलाबद्दल तिचं कौतुकच करतो आहे.

"मी आत्ता वाशीला जातो," विलासराव म्हणाले. "लाल तेल घेऊन येतो. संध्याकाळपर्यंत भरून होईल."

"आनि ह्याच्यातलं?" रखमाने विचारलं.

"ते काढून टाकायचं, आजी."

सूप खाली ठेवलं गेलं. "दसऱ्याचं तेल हाय. देवाचं नाव घेऊन घातलं. नातीच्या हळदीच्या दिशी काढून गटारात वतनार?"

"आये, ते थिजतं."

"थिजूं दे. मी न्हाय थिजत सकालची? तुमी मना काढून टाकता?"

हरेशने तोंड उघडलं तसं गोजराने त्याच्या दंडाला चिमटा काढला. आजी रुसली तर उद्या धवले कोण गाणार, हे घरातल्या प्रत्येकाला आपापल्या जागी समजलं.

"काढत नाय," नामा म्हणाला.

हरेश त्याच्यामागून गोठ्यात आला. "बाबा, उद्या सकाळी थंडी असनार. तेल तेच राहनार. मग गंगारामला सांगू ना? जेवायला तो येतोयच."

"सांग की जेवायला ये."

"आणि गाडीचं?"

"सकाळी बघू."

नामाने दिवस काढला तो हळदीच्या गडबडीत बापाचं काम करत आणि मनात नळ्यांची वाट मोजत. तेल थिजतं तर त्याला ऊब द्यायची, एवढी साधी गोष्ट. पण ऊब कुठे कुठे द्यायची? पंपाला. दोन्ही सिलिंडरांना. आणि मधल्या नळ्यांना, ज्या पत्र्याला लागून जातात आणि पत्रा सर्वांत आधी गार पडतो.

लग्नाच्या सकाळी मांडवामागच्या चुलाणांवर आचाऱ्यांनी अजून पातेली चढवली नव्हती, तोवर नामाने त्यांच्या निखाऱ्यांत विटा घातल्या. तापलेल्या विटा गोणपाटात गुंडाळून त्याने पंपाभोवती रचल्या. विलासरावांनी घमेल्यातून आणखी आणल्या. आज त्यांनी हात काळे करून घेतले होते. गोजरा जुनी लुगडी गरम करून नळ्यांना गुंडाळत होती आणि पुटपुटत होती, "बाळंतीण आनल्यासारखी घरात."

नमिता हिरवा चुडा, पिवळी साडी, हळदीने पिवळे हात अशी अंगणात आली. रखमा तिच्या खांद्याचा आधार घेऊन. शेजारच्या बाया जमल्या. हरेश हाताची घडी घालून उभा राहिला, आणि मांडवाच्या खांबापाशी गंगाराम, लग्नाला म्हणून इस्त्रीचा सदरा घालून.

गाडी अंगणात घेतली. नामाने कड्या सोडल्या आणि बटण दाबलं.

मोटर कण्हली, पण आधीच्यासारखी नाही. टप सुटला. हातभर उचलला. आणखी वर गेला. मग एकाएकी वाकडा व्हायला लागला: उजवी बाजू चढत होती, डावी मागे राहिली होती. सांगाडा करकरला.

"थांबवा," विलासराव म्हणाले. नामाने आधीच बोट काढलं होतं.

गंगारामने मान वाकडी करून टपाकडे पाहिलं, विकत घ्यायच्या वस्तूकडे बघतात तसं.

नामा कुणाकडे न बघता आत शिरला आणि नळीवरून हात नेऊ लागला. पंपाशी ऊन. वळणावर कोमट. डाव्या सिलिंडराच्या तळाशी, पत्र्याच्या कोपऱ्यात, जिथे वीट बसत नव्हती तिथे गार. एवढीशी जागा.

"हितं हाय," तो म्हणाला. "हितं येवढा बुच हाय. काय आनू हितं?"

वीट जात नव्हती, लुगडं पुरत नव्हतं. तेवढ्यात रखमाने कमरेला बांधलेलं फडकं सोडलं. आत तिची शेकायची रबरी पिशवी होती. रोज पहाटे गुडघ्यांना लावायची ती, आज गोजराने भरून दिली होती, देवीपर्यंतच्या वाटेसाठी. तिने ती नामाच्या हातात दिली.

"घे. तिचे गुडघे आनि माजे गुडघे येकच."

पिशवी कोपऱ्यात बरोबर बसली. मग वाट बघणं आलं. पूर्वेकडे डोंगरामागे आभाळ पिवळं होत होतं. बाया हलू लागल्या, कुणीतरी म्हणालं की चालतच निघा, उन्हं येतील. नमिता हलली नाही. ती बापाच्या हाताकडे बघत होती, तो हात नळीवर होता.

रखमाला उभं राहवेना. ती गाडीचं दार उघडून मागच्या सीटवर डाव्या बाजूला बसली, अर्ध्या उचललेल्या टपाखाली, आणि कुणाची वाट न बघता तिने धवला धरला. आवाज चिरका झाला होता, पण पट्टी सुटली नव्हती. निघू लागलेल्या बाया मागे फिरल्या. धवला सुरू झाल्यावर निघून जाता येत नाही.

नामाने नळी बोटांत दाबून पाहिली. ती आता मऊ लागत होती. त्याने बटण दाबलं.

डावी बाजू थरथरली. मग उजवीच्या मागे मागे निघाली, लंगडत, मग बरोबरीने. टप डोक्यावरून वर गेला, उभा राहिला आणि घडी घालत मागे उतरला. गात असलेल्या रखमावर सगळं आभाळ एकदम मोकळं झालं. तिने गाणं थांबवलं नाही, फक्त डोळे मिचकावले.

नमिता आजीशेजारी जाऊन बसली. नामा चालकाच्या बाजूला निघाला, पण हरेश आधीच तिथे बसला होता आणि आरसा नीट करत होता.

"बाबा, तुमी बाजूला बसा," तो म्हणाला. "बटण तुमच्याकडे."

निघता निघता मांडवाच्या खांबापाशी त्याने गाडी हळू केली. "गंगारामशेठ, जेवून जा हां. गाडी नाय मिळनार."

"मला काय," गंगाराम म्हणाला. "मी मटणासाठीच आलोय."

गाडी गल्लीतून इतकी सावकाश गेली की पुढची पोरं चालत होती ती तिच्यापुढेच राहिली. दारोदारच्या बाया नवरीला बघत होत्या आणि नवरीहून जास्त रखमाला. परतल्यावर टप बंद करायचा तर तो दुपारपर्यंत झालाच नाही. उलव्याच्या पाहुण्यांना वाटलं तो मुद्दामच उघडा ठेवला आहे, आणि त्यांचा गैरसमज कुणी दूर केला नाही.

नमिता सासरी गेल्यावर रखमाने आपणहून परवानगी दिली. तेल निघालं, पण गटारात नाही. नामाने ते डब्यात भरून बांधावर नेलं. मिठागराची एक जुनी उघाडी अजून तिवरांत उभी होती, गंजलेली, भरतीला न मिटणारी. तिच्या बिजागऱ्यांना ते तेल घालून तो तिथेच बसून राहिला, दार हलतं का ते बघत. विलासराव सोबत होते. हललं की नाही यावर दोघांचं पुढे कधी एकमत झालं नाही.

पुढच्या दसऱ्याला आपट्याच्या पानांना जाण्याआधी नामाने पंपाचा बोल्ट पान्याने आवळला, दोनदा तपासला आणि गाडीची चारही दारं उघडून ठेवली. रखमा बाटली घेऊन आली.

"यंदा तोंड कुठंय हिचं?"

"हितं," नामाने दाराच्या बिजागऱ्या दाखवल्या. "चार हायती. पोटभर घाल."

म्हातारीने एकेका दारापाशी थांबून तेल घातलं. चौथ्यापाशी आल्यावर तिने बाटली हलवून पाहिली, तळाशी राहिलं होतं ते तळहातावर घेतलं आणि वाकून समोर बसलेल्या नामाच्या टाळूवर थापलं.

"तू पन राबतोस," ती म्हणाली.